पाण्याआधीची पूजा

अव्वा, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पत्र लिहायला मला सोपं जातंय. समोर बसून सांगायची वेळ असती तर मी अजून दहा वर्षं टाळलं असतं, टाळण्यात मी पटाईत आहे हे तुला माहीतच आहे. तू गेलीस त्याला आता चौदा वर्षं झाली. मी, तुझी लेक, गणिताची मास्तरीण. आयुष्यभर पोरांच्या वहीवर लाल शाईनं लिहीत आले की नुसतं उत्तर चालणार नाही, पायऱ्या लिहा. माझं उत्तर मात्र चौदा वर्षं पायऱ्यांशिवाय चाललंय आणि गावानं त्याला पैकीच्या पैकी मार्क दिलेत. आज पायऱ्या लिहिते.

सुरुवात गिरणीपासून करावी लागेल. बस स्टँडमागच्या बोळात बाबांची पिठाची गिरणी, गिरणीच्या मागं आपलं स्वयंपाकघर. सकाळी सातपासून बायका ज्वारीचे डबे रांगेत लावून उभ्या. गिरणी उघडायची आठला, कारण तुझी पूजा व्हायची असायची. आपल्यात देव देवघरात नसतो, गळ्यात असतो. दीक्षेच्या दिवशी गुरूनं दिलेलं लिंग, चांदीच्या डबीत, सुती दोऱ्यात, जन्मभर अंगावर आणि मेल्यावर मातीतही बरोबर. तू भिंतीकडं तोंड करून पाटावर बसायचीस. डावा तळहात छातीशी धरलेला, त्यावर ते लिंबाएवढं काळंभोर लिंग. उजव्या हातानं पाणी, विभूती, बेल, एखादं फूल. मग हात स्थिर ठेवून नुसतं बघत राहायचं. समईची ज्योत लिंगावर बारीक ठिपक्यासारखी चमकायची, त्या ठिपक्याकडं. पाऊण तास. तोवर पाण्याचा थेंब घशाखाली जायचा नाही, चैत्र-वैशाखातसुद्धा. बाहेरून कोणीतरी ओरडायची, "अक्का, पट्टा चढवा की, लेकरं उपाशी हायेत!" तू मान वळवायची नाहीस. मी आतून बाहेर निरोप नेणारी, मला त्या बायकांचाही राग यायचा आणि तुझाही.

बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. महिना झाला नसेल, धाकटे काका एका गिऱ्हाइकाला घेऊन आले. गिरणी विकायची असं त्यांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं, तुझा अंगठा तेवढा हवा होता. तू पाटावर होतीस. मी घाबरून तुझ्या कानाशी आले तर ओठ न हलवल्यासारखं म्हणालीस, "बसा म्हणावं. मी बी बसलेय." ते दोघं स्वयंपाकघराच्या दारात पाऊण तास ताटकळले. काकांनी तीनदा खाकरून पाहिलं. मग तू लिंग डबीत ठेवलंस, पाणी प्यायलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "गिरणी इकायची न्हाई. मला पट्टा चढवता येतंय."

"बाईमाणूस गिरणी चालवणार? लोक हसतेल, वहिनी."

"हसू द्या. दळण तर आणतेलच की."

नंतर मी विचारलं, देवाला काय विचारत होतीस एवढा वेळ? तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "काय बी इचारलं न्हाई. बघत बसले. बघता बघता भ्या कमी झालं." मला ते उत्तर फारच कच्चं वाटलं होतं. मला वाटलेलं तू काहीतरी दृष्टांत सांगशील. आता त्या वाक्याशिवाय मला तुझं दुसरं काही आठवत नाही असे दिवस असतात.

कॉलेजला मी गुलबर्ग्याला गेले, हॉस्टेलात राहिले, चार पुस्तकं वाचली आणि अक्कल आली. म्हणजे आली असं वाटलं. एका दुपारी गळ्यातलं लिंग काढून रुमालात बांधून ट्रंकेत तळाशी ठेवून दिलं. दगडात काय असतं, असं एका मैत्रिणीला ऐटीत सांगितलंसुद्धा. दिवाळीला घरी आले, तू माझ्या डोक्याला तेल लावायला बसलीस, तुझी बोटं मानेवर आली आणि तिथं दोरा नव्हता. तू तेल लावतच राहिलीस.  रात्रीच्या जेवणाला मी तुझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, तर म्हणालीस, "ऱ्हाऊ दे." उठलीस, स्वतः माठातलं पाणी घेतलंस, परत येऊन बसलीस. ज्याच्या अंगावर लिंग नाही त्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, हा तुझा नेम. तू मला एवढीच शिक्षा केलीस. ओरडली असतीस तर मी चांगली भांडले असते, माझी तयारी होती. तीन वर्षं मी घरी यायचे आणि तू माझ्यासमोर उठून स्वतःचं पाणी घ्यायचीस.

मग शाळेत नोकरी लागल्याचा कागद आला त्या दिवसाचं. मी गिरणीत पळत गेले. तू पापण्यांपर्यंत पांढरी, पट्ट्याचा खडखडाट, ओरडून सांगावं लागलं. तू स्वयंपाकघरात आलीस, उंबऱ्यावर टेकलीस आणि म्हणालीस, "पाणी दे." मी नकळत दिलं. तू तांब्या उचललास आणि वरून घटाघटा प्यायलीस, पीठ ओलं होऊन हनुवटीवर ओघळलं. मला मग ध्यानात आलं. म्हटलं, "अव्वा, माझ्या गळ्यात अजून काही नाही बरं का." तू म्हणालीस, "ठावं हाय. माझ्या पोरीच्या हातचं प्यायले. शिवाला कळतंय." मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ दिलं असेल, पण कुणी माझ्यासाठी एवढं मोठं काही मोडलं नाही. आणि त्याची फेड मी कशानं केली बघ.

तुला लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोललेलं कळायचं. दवाखान्यातून घरी आणल्यावर दुसऱ्या सकाळी तू डाव्या हातानं गळ्यातली डबी चाचपायला लागलीस. एका हातानं गाठ सुटेना. मी सोडली. तू डावा तळहात पसरलास, त्यावर मी लिंग ठेवलं. पाणी घालायला तुझा उजवा हात नव्हता, म्हणून माझा. तळहात तुझा, बोटं माझी, अशी आपली पूजा सुरू झाली. मी लग्न केलं नाही, तो वेगळा वाद, तो आज नको. सांगायचं एवढंच की घरात तुझं करणारं मी सोडून कोणी नव्हतं. विभूती कुठल्या बोटांनी, बेल पालथा की उताणा, हे सगळं मला तुझ्या भुवया पाहून शिकावं लागलं. चुकलं की डावी भुवई वर. ते पहिले पंधरा दिवस खरे होते, अव्वा. त्यात खोट नव्हती, हे तरी मला म्हणू दे.

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली होती आणि बजावलं होतं, सकाळी सात म्हणजे सात, चुकली तर दुसरा झटका. गोळी म्हणजे पाणी आलं आणि पाणी म्हणजे आधी पूजा आली. रात्रीच्या औषधानं तुला सकाळी गुंगी असायची. डोळे उघडायचीस, मिटायचीस, मधलं विसरायचीस. एका सकाळी पावणेसात झाले तरी तू जागी होईनास. मी पेला हातात घेऊन उभी. पावणेआठची शाळेची बस. सात वाजायला आले आणि तू डोळे न उघडता विचारलंस, "झाली का ग पूजा?"

मी म्हटलं, "झाली."

आणि विभूतीच्या गोळ्यावर अंगठा घासून तुझ्या कपाळाला लावला, तळहातावर थोडं पाणी शिंपडलं. तू डावा हात कसाबसा कपाळाकडं नेलास, बोटांना लागलेली राख पाहिलीस, आणि आ केलास. मी गोळी ठेवली, पाणी घातलं. तू प्यायलीस. बायकांची रांग उन्हात उभी असताना जे पाणी तू चाळीस वर्षं प्यायली नाहीस, ते माझ्या एका शब्दावर प्यायलीस.

त्या दिवशी शाळेत मी फळ्यावर त्रिकोण काढले आणि एकही रेघ वाकडी आली नाही. हे मुद्दाम लिहिते. वाईट वाटलं नाही, सुटका झाल्यासारखं वाटलं. आईचा जीव वाचवला असंही वाटलं. मग आठवड्यातून एकदा झालं, मग दोनदा, मग रविवार सोडून रोज. रविवारी मात्र मी साग्रसंगीत पूजा करायचे, ताजा बेल, दोन वाती, तुझ्याकडं पाहून डोळेसुद्धा पुसायचे. इतर सहा दिवस राख आणि ओला तळहात. समोरच्या घरातली खाला दिवसा तुझ्यापाशी बसायची, ती साडेसातला यायची. ती तुझ्या कपाळावरची राख पाहून म्हणायची, "पूजा हो गई अम्मा की? नसीबवाली है, ऐसी बेटी." मी पायात चप्पल सरकवत हसायचे.

आता शेवटची सकाळ. शाळेत सहामाहीचे पेपर होते. तू नेहमीपेक्षा जागी होतीस, ते मी पाहिलं होतं. विचारलंस, "झाली का?" मी म्हटलं, "झाली की." तू कपाळाला हात नेला नाहीस. माझ्याकडं पाहिलंस आणि जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणालीस, "मंग मला दिसलं कामून न्हाई?"

"झोपेत होतीस, अव्वा."

 "व्हय. झोपेत असंन," म्हणालीस, आणि पाणी प्यायलीस. मी बस पकडली. साडेअकराला शिपाई वर्गात बोलवायला आला.

खाला दारात रडत होती. रडता रडता ती मला सगळं सांगत होती, आणि मला ऐकायचं नव्हतं. दहाच्या सुमाराला तू पुन्हा पुन्हा डावा हात गळ्याकडं नेत होतीस. "गले के पास हात लेजारी थी बार बार, मैं समजी पानी होना," खाला म्हणाली. तिनं बिचारीनं तुला पाणी पाजलं. पाणी पिऊनही हात गळ्याशीच. डबीला हात लावायची तिची हिंमत झाली नाही, दुसऱ्याच्या देवाला आपण कसं शिवायचं, असं तिला वाटलं. तिनं अदब राखली. तू काय मागत होतीस हे घरात एकाच माणसाला कळलं असतं आणि ते माणूस पेपरला सुपरव्हिजन करत होतं.

तुला बसवून माती द्यायची होती. मठाचे स्वामी आले. तुझ्या डाव्या तळहातावर लिंग ठेवताना त्यांनी मला विचारलं, "बाई, आजची पूजा झाली व्हती का?" सगळी भावकी उभी होती. काका होते. खाला जरा लांब, भिंतीला टेकून. मी म्हटलं, "झाली, अप्पाजी." ते सगळ्यांकडं वळून म्हणाले, "पूजा करून गेली माय. भाग्य लागतंय ह्याला." बायकांनी पदर डोळ्याला लावले. मीही लावला.

तेव्हापासून मी या गावात कोण आहे माहिती आहे? जिनं आईची पूजा एक दिवस चुकू दिली नाही ती. नव्या सुनांना माझं उदाहरण देतात. मागच्या श्रावणात महिला मंडळानं मला शाल घातली, नारळ दिला, चार शब्द बोलायला लावले. मी बोलले, अव्वा. तळहात तिचा, बोटं माझी, हे वाक्य मी तिथं माइकवर म्हटलं. समोरची एक मुलगी रडली. घरी येऊन मी शाल तशीच पिशवीसकट कपाटावर फेकली आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. कामवालीला वाटलं तिचंच काही चुकलं.

हे सगळं आज का उकरून काढलं, तर माझे डोळे चाललेत. फळ्याच्या डाव्या कडेला लिहिलेलं मला दिसेना, तेव्हा मी फळ्याला नावं ठेवली, मग खडूला. मग एक दिवस स्टँडपाशी शेजारून आलेली मोटरसायकल दिसलीच नाही, पोरानं ब्रेक दाबून मला शिव्या दिल्या. सोलापूरच्या डॉक्टरनं यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि सांगितलं, काचबिंदू, उशीर झालाय. बाजूचं गेलं, मधलं राहिलंय. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब घालून राखायचं, किती दिवस राहील ते सांगता येत नाही. मी गणितवाली, मी आकडा विचारला. त्यांच्याकडं आकडा नव्हता. परतीच्या बसमध्ये मला अशी भीती वाटली की उमरगा आलं कधी, गेलं कधी, कळलं नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर मी भिंतीवरच्या कॅलेंडरचे कोपरे दिसतात का ते तपासते. बरणीचं झाकण, दाराची कडी, कालपेक्षा आज कमी दिसतंय का. दिवसभर हाच उद्योग. मला भ्या वाटतंय, अव्वा. साठीला आलेली बाई आणि तुझ्या पदराखाली शिरावंसं वाटतंय.

मला दृष्टी परत नकोय, म्हणजे हवी आहे, पण ती कोणी देणार नाही एवढं गणित मला येतं. मला तो पाऊण तास हवा आहे. काका दारात खाकरत असताना तू जिथं बसली होतीस, तिथं मला बसायचंय. म्हणून गेल्या सोमवारी मी मठात गेले. स्वामी आता फार म्हातारे झालेत, पण ओळख लागली. म्हटलं, अप्पाजी, मला पुन्हा दीक्षा घ्यायचीय. ते हसले. "तुला काय अवघड हाय बाई, तुझ्या घरात निष्ठा हाय. तुझ्या मायसारखी निष्ठा मी बघितली न्हाई, अन् तुझ्यासारखी सेवा बी." तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगितलं. थांबत थांबत, खाली बघत. म्हटलं, अप्पाजी, आई आजारी असताना पूजा रोज होत नव्हती. गोळी सातला द्यायची होती, ती गुंगीत असायची, मी झाली म्हणून सांगायचे. शेवटच्या दिवशीही झाली नव्हती. तुमच्यापुढंही मी खोटं बोलले.

 त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात हलका होता. "गोळीपायी झालं ते. आजारी माणसाला नेम न्हाई. मायचा जीव राखायला बोललीस, त्यात दोष न्हाई. रडू नकोस. येत्या सोमवारी ये, पाणी न पिता ये." मी पाया पडले. बाहेर आले तर पायऱ्यांवर हलकं वाटत होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. बोळापर्यंत टिकलं ते.

सोमवार उद्या आहे. मघापासून लिहितेय आणि हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, मठात तर नाहीच. वर सगळ्या पायऱ्या लिहिल्या असं मी म्हटलं असतं, पण एक गाळलीय. स्वामींना सांगताना गाळली तीच तुला लिहितानाही गाळली, आणि त्यांनी मला माफ केलं ते त्या गाळलेल्या जागेवर बोट न ठेवता. डॉक्टरांना मी दुसऱ्याच महिन्यात पूजेचं सांगितलं होतं. ते चटकन म्हणाले, मग नऊला द्या, काही बिघडत नाही, आधी पूजा होऊ द्या त्यांची. त्यांनी चिठ्ठीवर सातचे नऊ करून दिले. त्या दिवसापासून गोळी खालाच देत होती. साडेसहाला बसलो असतो तर सव्वासातला आपली पूजा आटपली असती, बसही मिळाली असती, थोडं हलवलं असतं तर तू जागीही झाली असतीस. गोळी मध्ये नव्हती, अव्वा. शेवटचे चार महिने नव्हती. तुझा हात धरून पाऊण तास बसायचा मला कंटाळा आला होता.